विद्यार्थ्यांची भाड्याची खोली : घरमालकाकडून की दलालामार्फत?

दहावी-बारावीचे निकाल लागले, प्रवेशाच्या याद्या झळकल्या, की परभणी, नांदेड, लातूर, बुलढाणा, अकोला अशा जिल्ह्यांतील मुलेमुली मोठ्या संख्येने पुण्याची वाट धरतात. कोणी पदवीसाठी येतो, कोणी अभियांत्रिकीसाठी, तर कोणी स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी. प्रवेशाचा अर्ज कसा भरावा, जातीचे प्रमाणपत्र व जात-वैधता कशी मिळवावी, याविषयी आता गावोगावी मार्गदर्शन होते. परंतु गाडीतून उतरल्यावर राहायचे कोठे, या प्रश्नाचे उत्तर मात्र ज्याने त्याने ठेचा खात शोधावे अशीच परिस्थिती आहे. आम्ही बँकेत नोकरी करतो. जून-जुलै महिन्यांत आमच्या खिडकीवर अनेक पालक येतात आणि मुलाच्या खोलीचे डिपॉझिट भरायचे आहे असे सांगून एका अनोळखी खात्यात रक्कम टाकतात. हे खाते घरमालकाचे की दलालाचे, असे विचारल्यास बहुतेकांना सांगता येत नाही. वर्षभराच्या शेतीतून किंवा मजुरीतून साठलेली ही रक्कम असते. म्हणून खोली घरमालकाकडून थेट घ्यावी की दलालामार्फत, याचा सविस्तर विचार प्रस्तुत लेखात करण्याचे आम्ही योजिले आहे. उदाहरणे पुण्याची घेतली आहेत. तथापि कायद्याचा भाग सर्व महाराष्ट्रास लागू आहे.

आधी वसतिगृह, मग खोली

खोलीचा शोध सुरू करण्यापूर्वी समाजकल्याण विभागाच्या शासकीय वसतिगृहाचा अर्ज भरलाच पाहिजे. तेथे निवास व भोजन विनामूल्य असते. जागा मर्यादित असल्याने सर्वांना प्रवेश मिळत नाही हे खरे. पण अर्जच केला नाही तर पुढची वाटही अवघड होते. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी 'भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना' आहे. पुणे, मुंबई, नागपूर यांसारख्या शहरांसाठी या योजनेत वर्षाला ६०,००० रुपयांची तरतूद असून त्यापैकी भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि निर्वाहासाठी ८,००० रुपये धरलेले आहेत. उत्पन्नाची व गुणांची अट पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याच्या स्वतःच्या खात्यात ही रक्कम जमा होते.

येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, ही रक्कम प्रवेशाच्या दिवशी हातात पडत नाही. खोलीचे पहिले पैसे घरूनच उभे करावे लागतात. दुसरी, आपण त्या शहरात भाड्याने राहतो याचा पुरावा द्यावा लागतो आणि रीतसर भाडेकरार हा त्याचा सर्वांत सरळ पुरावा होय. ज्याने करार न करता तोंडी बोलीवर खोली घेतली, त्याला ऐन वेळी कागद मिळवण्यासाठी मालकाची मनधरणी करावी लागते. म्हणजे खोली कोणाकडून घेतली यापेक्षाही कोणत्या कागदावर घेतली, हा प्रश्न आपल्या मुलांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरतो.

दोघांमधील मूळ फरक

घरमालक हा जागेचा धनी. त्याच्याशी होणारा व्यवहार दोघांतला असतो : तो जागा वापरू देतो, आपण भाडे देतो. दलाल, ज्याला आता सर्रास एजंट म्हणतात, तो जागेचा धनी नसतो. तो फक्त गाठ घालून देतो आणि त्याबद्दल दलाली घेतो. करारावर सह्या झाल्या की बहुतेक दलालांचे काम संपते. नळ गळतो, वायर जळते, शेजारी तक्रार करतो, या वेळी दलाल फोन उचलेलच असे नाही, आणि त्याने उचललाच पाहिजे असे बंधनही कोठे लिहिलेले नसते.

काही दलाल मात्र मालकाच्या वतीने सर्व कारभार पाहतात. मालक परगावी किंवा परदेशी असला म्हणजे हा प्रकार आढळतो. अशा वेळी त्याच्याजवळ मालकाने दिलेले कुलमुखत्यारपत्र किंवा निदान लेखी अधिकारपत्र असावयास हवे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमानुसार मुनीम किंवा प्रतिनिधी हा मालकाने दिलेल्या अधिकारापुरताच मालकाच्या वतीने वागू शकतो. पैसे स्वीकारण्याचा अधिकार नसलेल्या दलालाच्या हाती डिपॉझिट दिले आणि त्याने ते मालकापर्यंत पोचवले नाही, तर मालक 'मला काही मिळाले नाही' असे म्हणू शकतो. म्हणून अधिकारपत्र पाहिल्याशिवाय दलालाच्या नावे डिपॉझिट वा भाडे देऊ नये. त्याला द्यायची ती फक्त त्याची दलाली.

आणखी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. काही दलाल आपल्या पाटीवर महारेराचा नोंदणी क्रमांक लिहितात. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील ही नोंदणी नोंदणीकृत प्रकल्पांतील घरांच्या खरेदी-विक्रीसाठी असते. भाड्याच्या व्यवहाराची हमी तिच्यातून मिळत नाही. ती पाहून मनुष्य पत्ता व नाव असलेला आहे एवढे कळते, त्यापलीकडे नाही.

पैशाचा हिशेब

समजा, तीन विद्यार्थ्यांनी मिळून महिना १२,००० रुपये भाड्याची जागा घ्यायची ठरवली आणि मालकाने तीन महिन्यांचे डिपॉझिट मागितले. थेट मालकाकडून घेतल्यास पहिल्या दिवशी डिपॉझिटचे ३६,००० आणि एका महिन्याचे भाडे १२,००० असे ४८,००० रुपये लागतील; प्रत्येकाचे १६,०००. दलालामार्फत घेतल्यास त्यात एका महिन्याच्या भाड्याइतकी, म्हणजे १२,००० रुपये दलाली मिळवावी लागेल. एकूण ६०,०००, प्रत्येकाचे २०,०००. डिपॉझिट परत मिळायचे असते, दलाली परत मिळत नाही. म्हणजे प्रत्येकाला ४,००० रुपयांचा निव्वळ खर्च, अकरा महिन्यांत वाटला तर महिन्याला सुमारे ३६४ रुपये.

ही रक्कम मोठी की लहान? ज्याच्या ओळखीचे शहरात कोणीच नाही, ज्याला रोज लॉजचे भाडे भरून आठ-दहा दिवस खोली शोधावी लागेल, त्याच्या दृष्टीने दलाली कदाचित स्वस्त पडेल. ज्याचा गाववाला किंवा वरच्या वर्गातला मित्र आधीच तेथे राहतो, त्याने दलाली देणे म्हणजे पैसा वाया घालवणे होय. तेव्हा दलाली वाईटच असा आमचा आग्रह नाही. तिच्या बदल्यात काय मिळते, हे मात्र मोजून घ्यावे.

यात एक मेख आहे. अकरा महिने झाल्यावर करार पुन्हा करायचा असतो, त्या वेळी काही दलाल पुन्हा दलाली मागतात. जागा तीच, मालक तोच, भाडेकरू तोच. मग नवीन काम कोणते झाले? हे पहिल्याच दिवशी विचारून लिहून घ्यावे. करार नोंदवून देण्याचे कष्ट घेतले तर त्याचा मोबदला वेगळा ठरवता येतो. त्यासाठी पूर्ण महिन्याचे भाडे देण्याचे कारण नाही.

थेट घरमालकाकडून घेताना

सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ या भागांत जुन्या वाड्यांतून आणि इमारतींतून कॉट बेसिसवर जागा मिळते. अभ्यासिकांच्या फळ्यावर, मेसच्या भिंतीवर, झेरॉक्सच्या दुकानात चिठ्ठ्या लावलेल्या असतात. कर्वेनगर, धनकवडी, आंबेगाव या बाजूला महाविद्यालयांच्या आसपास 'खोली भाड्याने देणे आहे' अशा पाट्या दिसतात. या मार्गाने गेल्यास मालकाचा स्वभाव, त्याचे नियम, पाण्याची वेळ या गोष्टी समक्ष समजतात. घरमालकीण काकूंशी एकदा नीट बोलणे झाले की पुढे एखादा महिना भाडे चार दिवस उशिरा झाले तरी सांभाळून घेतले जाते. मधल्या मनुष्याच्या तोंडून निरोप गेला की तेवढी माणुसकी उरत नाही.

अडचणीही आहेत. थेट व्यवहारात मालक करार टाळू पाहतो. 'आमच्याकडे कागदबिगद नसतो, विश्वासावर चालते,' हे वाक्य विद्यार्थ्याने वारंवार ऐकले असेल. मालक त्याच घरात राहत असल्यास पाहुणे, रात्रीची वेळ, स्वयंपाक यांवर निर्बंध असतात. मुलींच्या बाबतीत तर खोलीची दुसरी किल्ली कोणाजवळ आहे, आतून कडी नीट लागते काय, मालकाच्या घरातील कोण केव्हा वर येऊ शकतो, हे आधीच स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच नसावा.

समोर बसलेली व्यक्ती खरोखर मालक आहे काय, याचीही खात्री करावी. त्याच्या नावाचे महावितरणचे वीजबिल, महानगरपालिकेची मिळकतकराची पावती किंवा खरेदीखताची सूची क्रमांक दोन, यांपैकी निदान एक कागद व त्याचे ओळखपत्र पडताळून पाहावे. सरळ मनाचा मालक याचा राग मानत नाही.

दलालामार्फत घेताना

दलालाकडे एकाच दिवसात चार-पाच जागा पाहता येतात. विमाननगर, हडपसर अशा भागांत मालक स्वतः येथे राहत नाही, किल्ली दलालाकडेच असते. तेथे त्याच्यावाचून इलाज नसतो. करार ऑनलाइन नोंदवण्याची सोयही तो करून देतो. हे त्याचे खरे काम, आणि त्याबद्दल मोबदला मागण्यात गैर नाही.

तथापि तीन पथ्ये पाळावीत. पहिले, जागा दाखवण्यापूर्वी 'रजिस्ट्रेशन', 'मेंबरशिप' किंवा 'पत्त्यांची यादी' यांचे पैसे देऊ नयेत. दलाली ही करार झाल्यावर देण्याची गोष्ट आहे. दुसरे, करारावर सही करताना मालक समक्ष किंवा निदान फोनवर असावा, आणि भाडे व डिपॉझिटचा आकडा त्याच्या तोंडून ऐकावा. तिसरे, दलालीची पावती घ्यावी. पैसे घेऊन सेवा देणारा मनुष्य २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. त्याने फसवले तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क लागत नाही. पण पावतीच नसेल तर दलाली दिली हे सिद्ध कसे करणार?

घरमालक नाही आणि दलालही नाही, असा एक तिसरा मनुष्य पुण्यात आढळतो. तो मालकाकडून अख्खा फ्लॅट भाड्याने घेतो आणि त्यात सहा-आठ कॉट टाकून त्या विद्यार्थ्यांना देतो. मालकाची लेखी संमती असेल तर हरकत नाही. पण पुष्कळदा मालकाला याची कल्पनाही नसते. हा मनुष्य मालकाचे भाडे थकवून निघून गेला की मालक फ्लॅट रिकामा करायला सांगतो आणि मुलांचे डिपॉझिट बुडते. म्हणून 'मीच फ्लॅट चालवतो' असे कोणी म्हणाला, तर त्याचा मालकाशी झालेला करार आणि त्यातील पोटभाड्याची परवानगी पाहिल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

अकरा महिन्यांचा करार

भाड्याचे करार अकरा महिन्यांचेच का असतात, असा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची युक्ती निघाली आणि ती रूढ झाली. शिवाय १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात भाडेकरूस भक्कम संरक्षण होते. त्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरू मानले गेले. तेव्हापासून जागा हातची जाईल ही धास्ती मालकांच्या मनात बसली. आजही मालक 'भाडेकरार' न म्हणता 'लिव्ह अँड लायसन्स' म्हणतात, याचे मूळ येथे आहे. या करारात जागेवर हक्क निर्माण होत नाही; ठरावीक मुदतीसाठी ती वापरण्याची परवानगी मिळते.

परंतु ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ अमलात आला आणि अकरा महिन्यांच्या युक्तीचा आधार गेला. या कायद्याच्या कलम ५५ नुसार भाड्याचा अथवा लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी असला पाहिजे आणि नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदवला नाही तर मालकास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. एवढेच नव्हे, तर वाद झाल्यास अटींविषयी भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. म्हणून स्टॅम्प पेपरवर टाइप करून नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदवलेला करार नव्हे. दलालाने असा कागद पुढे केला तर नोंदणीची पावती मागावी.

नोंदणीस फार खर्च येतो ही समजूतही चुकीची आहे. एकूण भाडे आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क असते. वरील उदाहरणात अकरा महिन्यांचे भाडे १,३२,००० आणि ३६,००० च्या डिपॉझिटवरील अकरा महिन्यांचे व्याज ३,३००, बेरीज १,३५,३००. तिचे ०.२५ टक्के म्हणजे सुमारे ३३८ रुपये. महानगरपालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. तिघांत वाटल्यास प्रत्येकी पाचशेच्या आत-बाहेर खर्च येतो. यापेक्षा बराच मोठा आकडा कोणी सांगितला, तर शासनाची फी किती आणि त्याची स्वतःची किती, हे सुटे करून मागावे. खर्च कोणी किती सोसायचा हे मालकाशी आधीच ठरवावे.

करारात पुढील बाबी आहेत की नाही हे वाचून पाहावे : भाडे व ते देण्याची तारीख, डिपॉझिटची रक्कम आणि ते जागा सोडताना किती दिवसांत परत करायचे, वीजबिल, पाणी व सोसायटीचा मेंटेनन्स कोणाकडे, जागा सोडण्याची पूर्वसूचना किती दिवसांची, मुदतीआधी सोडल्यास काय कापले जाईल, रंगकामाचा खर्च कोणाचा, पंखे, कॉट, गीझर अशा वस्तूंची यादी. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या विद्यार्थ्यास करार करता येत नाही, त्याच्या वतीने आई-वडिलांनी सही करावी लागते. अकरावी-बारावीच्या मुलांच्या बाबतीत हे विसरू नये. मुदत संपल्यावर मात्र जागेत बसून राहू नये. त्याच कायद्याच्या कलम २४ खाली मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो आणि दुप्पट दराने रक्कम भरण्याची पाळी येऊ शकते. कायदा दोघांसाठी आहे.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देण्याचे काम मालकाचे असते. त्याची प्रत आपल्याजवळ ठेवावी. सोसायटीच्या 'ना हरकत' दाखल्याचा बाऊ केला जातो. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सभासदास घर भाड्याने देण्यासाठी पूर्वपरवानगीची गरज नाही. त्याने संस्थेस कळवावयाचे असते. सोसायटी जे बिनभोगवटा शुल्क घेते ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही आणि ते सभासदाने, म्हणजे मालकाने द्यायचे असते.

पैसे देताना

बँकेतील रोजच्या अनुभवावरून आम्ही एक नियम सांगू : डिपॉझिट आणि भाडे रोखीने देऊ नये. धनादेश, बँकेची बदली किंवा यूपीआय, यांपैकी काहीही चालेल. पासबुकात नोंद राहते व ती बोलते. खातेदाराचे नाव करारातील मालकाच्या नावाशी जुळते काय, हे पैसे पाठवण्यापूर्वी पाहावे. पाठवताना 'डिपॉझिट' किंवा 'जुलैचे भाडे' असा शेरा लिहावा. रोखीने देणे भागच पडले तर त्याच जागी सहीची पावती घ्यावी.

मोबाइलवर घराची छायाचित्रे पाहून, जागा न बघता 'टोकन' पाठवणे म्हणजे फसवणुकीस निमंत्रण. आपण सैन्यात आहोत, बदली झाली आहे, घर रिकामे आहे, असे सांगून पैसे उकळण्याचे प्रकार घडले आहेत. पैसे मिळण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही व पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. फसवणूक झाल्यास क्षणाचाही विलंब न करता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या बँकेस सांगावे. जितका उशीर, तितकी रक्कम परत मिळण्याची आशा कमी.

'आडनाव काय?'

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय आपल्यासाठी केवळ हिशेबाचा राहत नाही, तिच्याकडे वळू. जागा पसंत पडते, भाडे ठरते, आणि मग सहज विचारल्यासारखा प्रश्न येतो : आडनाव काय, गाव कोणते, मांसाहार करता काय? उत्तर ऐकल्यावर 'जागा कालच गेली' असे कळते. १९१७ साली अमेरिका-इंग्लंडमध्ये शिकून बडोद्यास नोकरीवर रुजू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना त्या शहरात राहायला जागा मिळाली नाही. एका पारशी धर्मशाळेत नाव लपवून ते राहिले आणि ओळख उघड झाल्यावर जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. शंभराहून अधिक वर्षे उलटली. उघड दंडुका गेला, पण प्रश्न विचारण्याची रीत शिल्लक आहे.

दलाल आणि मालक यांच्यातला फरक येथेही दिसतो. मालक थेट भेटला तर त्याच्या मनात काय आहे ते बरेचसे कळते, आणि कधीकधी मुलाचे बोलणे-वागणे पाहून त्याचा ग्रहही बदलतो. दलाल मध्ये असला की तो मालकाच्या आवडीनिवडीचा अंदाज घेऊन आधीच गाळणी लावतो. काही जागा आपल्याला दाखवल्याच जात नाहीत, आणि दाखवल्या नाहीत हे आपल्याला समजतही नाही. दुसऱ्या बाजूने, समजूतदार दलाल अपमान टाळून योग्य मालकाकडे नेतो, असेही आहे.

कायदा काय म्हणतो? संविधानाच्या कलम १५ ने राज्यसंस्थेला आणि दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले अशा सार्वजनिक ठिकाणांच्या बाबतीत जातिभेदाला मनाई केली आहे. खाजगी मालकाने घर भाड्याने देताना जात पाहू नये, असे थेट सांगणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. मात्र १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याप्रमाणे लोकांच्या देखत जातीवरून अपमान करणे हा गुन्हा आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार घालणे हाही गुन्हा ठरला आहे. जातीचे कारण शब्दांत सांगितले गेले असेल, तर तारीख, वेळ, साक्षीदार व आलेले संदेश जपून ठेवावेत आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. आडनाव लपवून जागा घेण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. करारावर व ओळखपत्रावर खरे नाव येतेच, आणि भीतीच्या छायेत अभ्यास होत नाही. जिथे राहायचे तिथे आपल्या नावाने राहावे.

जागा सोडताना

डिपॉझिटचे बहुतेक तंटे जागा सोडताना होतात आणि त्यांचे बी जागा घेतानाच पडलेले असते. ताबा घेण्याच्या दिवशी भिंती, नळ, फरशी, पंखे यांचे व वीजमीटरच्या आकड्याचे फोटो काढून ते मालकास पाठवावेत. सोडण्याची सूचना लेखी द्यावी. संदेश पाठवला तरी चालेल, पण तो राहिला पाहिजे. शेवटच्या दिवशी पुन्हा फोटो घ्यावेत, किल्ली दिल्याची पोच घ्यावी. मालकाने डिपॉझिट अडवले तर प्रथम शांतपणे लेखी मागणी करावी, मग वकिलामार्फत नोटीस द्यावी. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, तसेच सर्व स्त्रियांना, उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्य मिळते. जिल्हा न्यायालयाच्या आवारात या प्राधिकरणाचे कार्यालय असते. वकिलाला द्यायला पैसे नाहीत म्हणून हक्काचे पैसे सोडून देण्याचे कारण नाही.

मग निवड कोणती?

आमचे मत थोडक्यात असे. वसतिगृहाचा अर्ज आधी. तो न जमल्यास वरच्या वर्गातील विद्यार्थी व नातेवाईक यांच्या ओळखीने थेट घरमालकाकडे जावे, कारण त्यात पैसा वाचतो व व्यवहार उघड राहतो. शहर अगदी परके असेल, वेळ थोडा असेल किंवा मालक परगावी असेल, तर दलाल करावा. पण पैसे मालकाच्या खात्यात आणि दलाली करारानंतर, या दोन गोष्टी सोडू नयेत. मार्ग कोणताही असो, नोंदवलेला करार, बँकेतून दिलेले पैसे, मालकीचा एक कागद आणि ताब्याच्या दिवशीचे फोटो, ही चार साधने जवळ असली की विद्यार्थी निम्म्याहून अधिक संकटांतून वाचतो.

शेवटी संस्थेच्या सभासदांना एक विनंती. पुण्यात नोकरीनिमित्त स्थायिक झालेले आपले अनेक कुटुंबप्रमुख आहेत. आपल्या परिसरात कोणती खोली कधी रिकामी होते, कोणता मालक आडनाव न विचारता जागा देतो, कोणत्या दलालाचा व्यवहार चोख आहे, ही माहिती प्रत्येकाजवळ थोडी थोडी असते. दर मे महिन्यात ती एका वहीत उतरवून संस्थेच्या कार्यालयात ठेवली, तर नव्याने येणाऱ्या मुलाला आठ दिवस वणवण करावी लागणार नाही. करारावर सही करण्याच्या दिवशी एखादा वडीलधारा मनुष्य त्याच्या शेजारी बसला, तरी समोरच्याचे बोलणे बदलते. आणि ज्यांच्या स्वतःच्या एक-दोन खोल्या भाड्याने आहेत, त्यांनीही करार नोंदवून द्यावा, पावती द्यावी आणि डिपॉझिट वेळेवर परत करावे. गावाकडून आलेल्या मुलाचे पहिले वर्ष खोली शोधण्यात न जाता अभ्यासात जावे, एवढे जरी आपण साधले तरी या वहीचा खर्च भरून निघेल.